सराव पाठ क्रमांक सतरा

इयत्ता सहावी, विषय गणित,
घटक लसावि.
‘शैक्षणिक साधने’ या रकान्यात मी लिहिलं:
दोन हात.
हेरवाडे मॅडमनी त्याखाली लाल रेघ ओढली.
तक्ता कुठाय?

तक्त्याचे साठ रुपये
पापाच्या तिकटीजवळ गेले, तबल्याच्या वादीत.
हे सांगायचं नसतं.
राहिला घरी, म्हटलं.

चौथं वर्ष.
अकरापर्यंत वरच्या मजल्यावर संगीत,
अकरानंतर खाली, अध्यापन पद्धती: गणित.
मधल्या जिन्यात मी डबा खाते,
दोन्हीकडचं थोडं थोडं ऐकू येतं तिथं.
हुपरीच्या बसमध्ये कुणीतरी विचारतंच,
असलं कसलं कॉम्बिनेशन बाई, नोकरी लागंल का ह्यानं?
एकानं लागंल, एकानं टिकंल, मी म्हणते.
कुठल्यानं कुठलं, ते माझं मलाही ठरवता येत नाही.

मुजावर सरांनी तिहाई शिकवली त्या रात्री
वहीच्या मागच्या पानावर मी मांडलं,
तीन क्ष अधिक दोन य बरोबर सतरा.
सोळा मात्रांचा ताल, सतरावी म्हणजे परत पहिली.
पाचाचा बोल, एकाचा दम.
तिनाचा बोल, चाराचा दम.
आणि एक उत्तर असं आलं की
बोल एकाच मात्रेचा, दम सात.
सकाळी सरांना दाखवलं.
ते बराच वेळ कागदाकडं बघत राहिले.
बरोबर आहे, म्हणाले,
पण हे वाजवायला म्हातारं व्हावं लागतं.

तर पाठ.
खिडकीकडची पोरं दर तिसऱ्याला टाळी,
दाराकडची दर चौथ्याला.
मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही, नुसती मोजत राहिले.
तीन. चार. सहा. आठ. नऊ.
टाळ्या विस्कटल्या, हसू फुटलं, परत जुळल्या,
आणि बाराला
अख्ख्या वर्गाची एकच टाळी पडली.
नाद खुळा! मागचा कुणीतरी ओरडला.
मॅडमचं पेन चालू झालं.

तिथंच थांबायला हवं होतं.
टाचणात तिथं मूल्यमापन होतं.
पण मी म्हटलं, आता सात.
सातात पहिल्याला टाळी नाही,
पहिल्याला हात नुसता उलटा करून सोडायचा, असा.
पस्तीस हात उलटे झाले.
दुसऱ्या बाकावरच्या अल्फिया गवंडीचा वरच राहिला.
म्याडम, पयल्यालाच रिकामा?
हो.
मग ती मोजायची का न्हाई?

घंटा झाली.

निरीक्षण वहीत शेरा:
वर्गनियंत्रण अपुरे. वेळेचे नियोजन नाही.
विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे निरसन केले नाही.
पंचवीसपैकी चौदा.
तिसरं वाक्य खरं होतं. पहिली दोन पण असतील.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली नाही.
दांडीला धरून उभी होते,
मोकळ्या हाताच्या बोटांवर सात मोजत,
आणि दर वेळी पहिल्यापाशी अडत.

घरी आई पैंजणाला घुंगरं जोडत बसलेली.
मजुरी वजनावर मिळते,
तरी ती मोजते, तोंडातल्या तोंडात, लहानपणापासून.
‘आई, आलो,’ म्हटलं मी.
कॉलेजात मी ‘आले’ म्हणते.
तिनं मान वर न करता डावा हात वर केला,
थांब,
पाची बोटं उघडी, हातात काही नाही.
कुणी मध्येच हाक मारली की ती असंच करते,
आकडा तिथं धरून ठेवते.
शेजारणीशी बोलते, दूध उतरवते,
आणि परत येऊन तिथनंच पुढं.

त्रेसष्ट, म्हणाली,
आणि चौसष्टावं घुंगरू उचललं.

चप्पल काढायच्या आधी मी टाचण काढलं.
लाल रेघेच्या वर अजून जागा होती.
दोन हात,
पुढं लिहिलं,
पैकी एक उघडा.