माया

दहीपुलाच्या उतारावर माझं दुकान, तीन पायऱ्यांचं.
गोदेचं पाणी दुसरीला लागलं की मशीन माळ्यावर चढवायचं
आणि घाटावरून येणाऱ्याला विचारायचं,
दुतोंड्या मारुतीला कुठवर?
गुडघा. कंबर. छाती.
आमच्या धंद्यातलीच मापं ती.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी चौघं आले.
शपथेला जाकीट हवंय, मास्तर. शुक्रवारच्या आत.
खातं कुठलं, ते ठरायचं होतं.
तिकडे मुंबईत कुणीतरी बेतत होतं त्यांना
कापड न बघता, अंगाला टेप न लावता.

माझ्या वहीत डावीकडे छाती, खांदा, उंची.
उजवीकडचा रकाना कोराच असतो.
जुनेद म्हणाला, काज करता करता,
तिथे खातं लिहू या ना मास्तर.
आपण तरी माप घेतलंय.

निवृत्ती कडलग, चांदोरीचा.
हात पसरा म्हटलं तर तळवे वर.
पुरात होडी घालून शेजाऱ्याच्या म्हशी सोडवणारा.
नदीला तो बाई म्हणतो.
बाई चढली की कुणाचं ऐकत नाही,
उतरली की मात्र हिशेब विचारावा.
लिहिलं: जलसंपदा.

फकीरराव मौले. छाती बेचाळीस,
फुगवून चव्वेचाळीस. श्वास सोडा म्हटलं, सोडेना.
गृह मागतोय म्हणाला, जवळजवळ झालंच आहे,
आणि कॉलरसाठी टेप गळ्याशी नेली तसा दचकला.
जुनेदने परस्पर लिहून टाकलं: क्रीडा.

उमाकांत भडांगे अडला खिशांवर.
बाहेर दोन, आत एक,
आणि आतल्याच्या आत अजून एक, बारका.
पण शिलाई ठरवताना, चहा पिता पिता,
अस्तरातली माझी पाव मीटरची चूक
त्याने तोंडीच पकडली.
अर्थ लिहिलं. खोडलं.
रात्री दुकान बंद करताना पुन्हा लिहिलं,
आणि खाली बारीक अक्षरात:
चोरखिसा शिवू नये.

शार्दूल कमोद मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला,
बाबांचं माप असेल ना वहीत?
तेच टाका. भरीन मी त्यात.
होतं माप. खांदा दोन इंच उतरणार होता.
त्याच्यापुढे आम्हाला काहीच सुचलं नाही.

चौघांच्याही शिवणीत मी दीड इंच माया ठेवली.
बाकी गिऱ्हाइकांना पाऊण पुरते.
या लोकांचं अंग एका अधिवेशनात बदलतं,
मग येतात, मास्तर, जरा सैल करा.
एकदा तर सगळी माया सोडूनही बटण लागेना,
बगलेत वेगळ्या रंगाची पट्टी घालून दिली.
हात वर केला नाही तर कळत नाही म्हटलं.
पाच वर्षं त्याने हात वर केला नाही.

शुक्रवारी समोरच्या जिलबीवाल्याच्या टीव्हीवर वाटप झालं.
मौलेंना गृह. भडांगेंना जलसंपदा.
कडलगांना सांस्कृतिक कार्य.
अर्थ शार्दूलला.
जुनेद वही घेऊन पायरीवर उभा,
परीक्षेत पेपर फुटूनही नापास झाल्यासारखा.
जाकिटं मात्र बसली होती.
शार्दूलचंही, तो बसलेला असेपर्यंत.

संध्याकाळी कौसल्याताई भोये आल्या, पेठच्या.
बावीस वर्षं नर्स, मग उभ्या राहिल्या,
चार हजारांनी पडल्या.
शिवायला काही नव्हतं. पिशवीचा बंद तुटलेला.
मी पिशवी रिकामी केली टेबलावर:
ब्लडप्रेशरचं यंत्र, एका चपलेचा अंगठा,
आणि मतदारयादी.
नावांपुढे पेन्सिलीने खुणा.
मला वाटलं, आपली मतं आणि त्यांची.
ताई म्हणाल्या, नाही हो,
ही सातव्या महिन्यातली, हा गोळ्या अर्ध्यावर सोडतो,
हिच्याकडे रस्ता नाही, डोलीतून आणावी लागेल.

जाड दोरा घाला, मास्तर.
ओझं तेवढंच राहणार आहे.

त्या गेल्यावर जुनेदने वहीत पाचवी ओळ आखली.
उजवीकडे लिहिलं: आरोग्य.
डावीकडे पेन थांबलं त्याचं.
माप घेतलंच नव्हतं आम्ही.
डावा खांदा थोडा खाली आहे,
एवढं दिसलं होतं जाताना. तेवढंच लिही म्हटलं.