दुसरा तुकडा

पहिल्या बाटलीवर नाव होतं: ढमढेरे, अंकुश. वय त्रेचाळीस.
उजव्या नाकपुडीतून तीन तुकडे, तांदळाच्या कणीएवढे, राखाडी.
मी लिहिलं, केवळ मृत पेशी. निश्चित निदान शक्य नाही.
त्यात चूक काही नव्हतं.
सही केली, आणि सिंहगड रोडचा ट्रॅफिक टाळायला
सहाच्या आत निघाले.

त्याआधी सहा महिने ती सर्दीच होती.
वाफ, थेंब, अँटिबायोटिकचे चार कोर्स.
कुणी म्हणालं धूळ, कुणी म्हणालं हाड वाकडं,
नाना पेठेतल्या एकानं तर विचारलं,
तापकीर गल्लीत काम करता, तपकीर ओढता का?
तो हसला म्हणे. चेहऱ्याच्या डाव्या बाजूनंच.

गल्लीत तो मोटारी रिवाइंड करतो.
जळकी कॉइल नुसती हुंगून सांगायचा,
लोड जास्त झाला की आत पाणी गेलंय.
नवरात्रापासून काहीच कळेना,
ना वार्निश, ना जळकं, ना स्वतःच्याच नाकातली ती घाण
जिच्यामुळे बायको पाठ करून झोपायची
आणि सकाळी तिलाच लाज वाटायची.

बुरशी शोधली. साथीच्या त्या दोन वर्षांनी सवयच लावली होती,
नाक काळं पडलं की बुरशी शोधायची.
नव्हती. क्षयही नव्हता.
मग टाळूला भोक पडलं, चहा नाकातून आला,
आणि रेसिडेंट इनामदार दुसरी बाटली घेऊन
स्वतः जिना चढून आला:
"मॅडम, या वेळी खोल गेलो. रक्त येईपर्यंत."

भिंगाखाली
रक्तवाहिनीच्या भिंतीतच शिरलेल्या पेशी,
वेड्यावाकड्या, दाटीवाटीनं,
आतली वाट बंद.
गुरुवारी पाणी तोडतात तशी
पुढची अख्खी पेठ कोरडी, मेलेली.
पहिल्या खेपेला मी पाहिले होते
फक्त कोरडे नळ.

मग मार्करचे पाच दिवस.
सीडी छप्पन्न: तपकिरी. हो, तपकिरीच.
आणि तो विषाणू, बहुतेकांच्या अंगात
लहानपणापासून निमूट बसून असलेला,
इथे केंद्रकामागून केंद्रकात, शाईच्या ठिपक्यांसारखा.
एन-के टी-सेल लिम्फोमा.
सतरा वर्षांत माझा तिसरा.

ब्लॉक न्यायला तो स्वतःच आला.
तोंडावर रुमाल, शब्द नाकातून सांडणारे.
मेणाच्या वड्या उजेडाला धरल्या.
"यात मी आहे?"
आहात, म्हटलं.
"फॉल्ट सापडला ना. झालं मग."
किती झालं ते मी बोलले नाही,
ते खालच्या मजल्यावर सांगतात.
जाता जाता वळून म्हणाला,
"पहिल्या वेळी का नाही सापडला?"

तुकडा वरवरचा होता, मी म्हणाले.
खरंच आहे ते.
त्यानं मान हलवली, वड्या शर्टाच्या खिशात टाकल्या,
खिशाचं बटण लावलं.

दोन रिपोर्टांमध्ये सदतीस दिवस.
खाली सही तीच.