हाई गाडी पानी पेस नही

नंदुरबारच्या दवाखान्यातली परदेशी नर्स
मायदेशी निघाली तेव्हा नानांनी तिच्याकडून ती घेतली,
जिनिंगमधल्या फिटरच्या अकरा पगारांना.
रंग मोड आलेल्या मटकीचा.
मागची काच अंड्याएवढी;
नर्स म्हणाली होती म्हणे,
मागचं फार बघायचं नसतं.

चोपड्याला पोचली ती रात्री.
सकाळी अख्खी गल्ली ओट्यांवर.
नानांनी पुढचं झाकण उचललं :
आत एक स्टेपनी, आणि बाई विसरून गेलेली छत्री.
"इंजिन कोठे शे भो?"
"फसाडं रे रमणले, रिकामं खोकं दिधं!"
नाना काही न बोलता मागे गेले,
दुसरं झाकण उघडलं,
आणि गल्ली पुढून मागे धावली.

लुकमान पिंजारी किटली भरून आला होता.
रेडिएटरचं तोंड शोधत त्यानं दोन फेऱ्या घातल्या,
मग किटली खाली ठेवली.
"हाई गाडी पानी पेस नही,"
तो म्हणाला, रोजा धरलेल्या माणसाबद्दल
हळू आवाजात बोलावं तसा.
मे महिना. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी.
ओट्यावरच्या बायकांना ती तिथेच आवडली.

काटा नव्हता पेट्रोलचा.
गचके खाऊ लागली की नाना पायानं एक खटका फिरवत,
आणि उरलेल्या चार-पाच लिटरवर
आई मनातल्या मनात घर गाठायची.
तापीच्या वाळूत जिपा रुतायच्या;
ही मागच्या चाकांवर बूड टेकून
नवव्या महिन्यातल्या बाईसारखी
सावकाश, पण पार जायची.

उनपदेवला आम्ही सात जण त्यात.
डिक्कीत, म्हणजे पुढे, कळण्याच्या भाकरी, ठेचा, आणि भरताची वांगी.
मागच्या सीटखाली बॅटरी असते
हे झिपरूमामाला कुणी सांगितलं नव्हतं.
तो बसला. स्प्रिंगा खाली टेकल्या.
अडावदच्या अलीकडे काथ्याचा धूर निघाला,
तेव्हा मामाला वाटलं, ठेचा बाधला.
(छत्री त्यातच जळाली.)

रद्दीतल्या एका मासिकातून नानांना तिची कुळकथा कळली.
एका हुकूमशहानं लोकांना सांगितलं होतं,
दर आठवड्याला एक तिकीट चिकटवा, वही भरली की गाडी.
लाखोंनी चिकटवली.
गाडी एकालाही नाही. युद्ध मात्र सगळ्यांना.
नाना भिशी चालवायचे. त्या रात्री त्यांनी
हिशेबाची वही दोनदा तपासली,
आणि सकाळी बेंडाळेबाईंचे नऊ रुपये
स्वतः नेऊन दिले.
पुढे बॉम्बनं फुटलेल्या त्याच कारखान्यातून
ती निघत राहिली, निघत राहिली,
रेषा जवळजवळ तीच.
शेवटची मेक्सिकोत निघाली, असं मीच त्यांना वाचून दाखवलं.
"आपली चालूय," ते म्हणाले.

चालू नव्हती. चार वर्षांपासून
लुकमानच्या आवारात, बाभळीखाली,
तळाला भाकरीएवढं भोक,
पुढच्या डिक्कीत कोंबडी अंड्यांवर.
लुकमानच्या पोरानं विचारलं, काका, इंजिन नेऊ?
धानोऱ्याला केळीवर पंप बसवायचाय, वीज रात्रीची दोन तास.
नानांनी मान हलवली.
हो की नाही, ते आम्हाला कळलं नाही. त्याला कळलं.

परवा धानोऱ्याला गेलो होतो.
विहिरीच्या काठावर ते बसलेलं,
उघडं, लहानसं, काळं,
आणि पाइपातून पाणी मनगटाएवढं.
नाना आता नव्वदीला टेकलेत,
नातसुनेचं बोलणं त्यांना ऐकू येत नाही.
बांधावरच थांबले. काठी टेकली.
मान जराशी कलती केली.

"तिसऱ्याचा टॅपेट ढिला शे," म्हणाले,
"पाना आण."