काळा भरणारा

पुस्तक आलं, ते आधी मोमीनच्या काट्यावर टाकलं.
एक किलो नऊशे.
'गुळाचा रवा हाय काय?' म्हणाला मोमीन.
म्हटलं, सावट हाय. एकतीसच्या एकतीस अंक,
जाड पुठ्ठा, मध्ये रेशमी फीत.

हाच सावट एस.टी. स्टँडबाहेर
सुतळीला चिमट्यानं लटकायचा, सव्वा रुपयाला,
लॉटरीच्या तिकिटांशेजारी.
त्याला उडता यायचं नाही.
एका सावलीत शिरायचा, दुसरीतून निघायचा,
आणि दर खेपेला त्याची स्वतःची सावली बोटभर आखूड व्हायची.
गावाचं नाव आम्ही कधी छापलं नाही.
पण पूल पंचगंगेचा होता, धुरांडी उद्यमनगरची,
शिव्या तर डोळे मिटून ओळखाव्यात अशा.

निंबाळकर लिहायचा. कोर्टात टायपिस्ट.
दिवसा साक्षी टाइप करायच्या,
ज्या टिकल्या नाहीत त्या रात्री सावटच्या हवाली.
चित्रं शामराव लोहारची, सिनेमाचे बॅनर रंगवणारा माणूस;
हाताला वीस फुटी चेहऱ्यांची सवय, पानात मावेनात,
म्हणून अर्धं कपाळ, एक डोळा, एवढंच.
प्रस्तावनेत त्याला 'तुटलेल्या माणसाची चौकट' म्हटलंय.
जागा कमी होती, बाकी काही नाही.

मी काळा भरायचो.
शामराव पेन्सिलीनं बारीक फुली मारायचा: हितं काळा.
फुली दिसली की ब्रश.
जिने, बोळ, टोप्यांखालचे डोळे, नदी.
एका अंकाला दोन बाटल्या जायच्या.
लक्ष्मीपुरीतला छापखानेवाला शाईत रॉकेल घालायचा,
त्यामुळं छापलेला काळा कधी वाळलाच नाही.
वाचणाऱ्याच्या अंगठ्याला लागायचा.
शाळेत मास्तर पोरांचे हात उलटे करून बघत
आणि बरोबर त्यालाच उठवत.

एकोणिसावा अंक छापायला जायच्या आदल्या रात्री
गंगावेशीत, दूध कट्ट्यावर, एकानं मला हाक मारली.
म्हशीची धार सरळ पेल्यात. पेला त्यानंच माझ्या हातात दिला,
फेस अजून कोमट होता.
'गूळ गोडाऊनच्या हमालाला पुलावरून ढकलणारा,
त्याचं तोंड तुमच्या लोहारानं लई हुबेहूब काढलंय म्हणं.'
दमदाटी नाही, काही नाही.
चाळीस रुपये, चार घड्या घातलेले.
पेल्यावर माझ्या बोटांचे काळे ठसे उमटले होते,
ते त्यानं आपल्या टॉवेलनं पुसले.

त्या चेहऱ्यावर फुली नव्हती.
मी काळा भरला.
दोन हात दिले, पेन्सिल झाकेपर्यंत. मग तिसरा.

शामरावनं छापून आलेला अंक बघितला,
पानाला बोट लावलं, बोट बघितलं.
पुढच्या बारा अंकांत त्यानं एकही फुली मारली नाही.
'कुठं काळा,' म्हणाला, 'तुझं तुला कळतंय की, दस्तगीर.'

आता ते पान दोनशे सत्त्याऐंशी.
गुळगुळीत, दिव्याखाली चमकतं.
त्या एका चौकटीवर प्रस्तावनेत अख्खा परिच्छेद आहे:
चेहरा नसलेला गुन्हेगार, म्हणजे व्यवस्था, म्हणजे आपण सगळे.
सगळे कुठले.
त्याच्या डाव्या भुवईत तीळ होता.

मी अंगठा घासला. परत घासला, थुंकी लावून.
अंगठा स्वच्छ.

शेवटच्या पानावर लेखन निंबाळकर, चित्रं लोहार,
शाई: अज्ञात.
खाली फोन नंबर होता, लावला.
पोरगी गोड बोलली. पुढच्या आवृत्तीत नाव घालू म्हणाली,
'फक्त काका, काळा तुम्हीच भरलात
याचा काही पुरावा आहे का?'

पुस्तक मांडीवर होतं, फीत त्याच पानाशी.
'नाही,' म्हटलं.