दोनदा वाजलेला एक

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
संडरलँडमध्ये रात्रीचा एक दोनदा वाजतो.
दोन वाजायच्या बेतात सरकार काटा मागे ओढतं
आणि तोच तास पुन्हा घालायला देतं,
उलटा करून घातलेल्या सदऱ्यासारखा.

मंगळवारी माझ्यासमोर
नाकारलेल्या नोंदींची यादी: दोन हजार तीनशे सोळा.
तोच नंबर, तोच टॉवर, तीच वेळ.
जुनं यंत्र सेकंद बघत नाही.
ते म्हणालं, ही नक्कल,
आणि दुसरी नोंद बाजूला टाकली.

आमचं काम वाण्याचं.
कोण काय बोललं, कुणी कुणाचा फोटो
चारचारदा मोठा करून पाहिला,
ते पोत्याच्या आत.
आम्ही पोतं उघडत नाही, काट्यावर ठेवतो:
अमक्या वाजता धरलं, अमक्या वाजता सोडलं,
इतके बाइट वर गेले, इतके खाली आले.
फार लांबलं तर नोंद मध्येच कापून नवी सुरू करतो.
मध्यरात्री तर कापतोच,
तारीख बदलते म्हणून. माणूस तोच असतो.

पलीकडच्या खुर्चीत नॉर्मन,
तीस वर्षं बिलांत घालवलेला.
म्हणतो, पूर्वी आम्ही मिनिटं मोजायचो,
लोक रडता रडता घड्याळ बघायचे.
म्हणतो, दे टाकून ती यादी.
न लावलेल्या पैशांची तक्रार घेऊन
अजून तरी कुणी आलेलं नाही.

पण अकराव्या रकान्यात एक आकडा असतो,
ग्रीनिचपासूनचं अंतर. सहसा कुणी बघत नाही.
पहिल्या नोंदीत एक. दुसरीत शून्य.
म्हणजे नक्कल नव्हे. तास वेगळा होता,
फक्त नाव तेच.

आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायची,
अर्धा लिटर कमी आलं तर अर्धीच फुली.
आणि जास्त आलं तर तेही लिहायची,
भय्या विसरला तरी.
मापात पाप दोन्हीकडून होतं म्हणायची.

त्या यादीत माझाही नंबर आहे.
स्वतःचा नंबर शोधायला आम्हांला बंदी आहे,
मी शोधला नाही. मला माहीत आहे.

शनिवारची रात्रपाळी, मधली सुटी,
ऑफिससमोरचा बसथांबा.
पहिल्या एक सतराला मी श्रीरंगला व्हिडिओ लावला.
लातूरला पावणेसहा.
आईच्या मोतीबिंदूला याही वेळी मला येता येणार नाही, म्हणाले.
तो फोन घेऊन घरभर फिरत ओरडत होता,
भिंत, पंखा, दाराची कडी, सगळंच हलत होतं.
चाळीस एमबी तरी गेले असतील.
मग मी कापला.

दोन वाजता आत जायचं होतं.
दोन वाजलेच नाहीत.

दुसऱ्या एक सतराला पुन्हा लावला.
तिकडे पावणेसात, तिकडचा काटा
कुणासाठी मागे येत नाही.
त्यानं फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला
आणि समोर बसून राहिला.
मीही.
न हलणारं चित्र हलकं असतं;
जे बदललं नाही, ते पुन्हा पाठवावं लागत नाही.
सहा एमबी. फार तर सात.
शून्य मात्र नाही.

तेवढी नोंद यंत्रानं
भांडणाची नक्कल म्हणून बाजूला टाकली होती.

मी सगळ्या सोडल्या, दोन हजार तीनशे सोळाही.
नॉर्मन म्हणाला, उगाच लोकांच्या खिशात हात घातलास.
घातला.

नोव्हेंबरच्या बिलावर एकाखाली एक
दोन ओळी छापून येतील, वेळ तीच.
कुणीतरी फोन करून भांडेल, हे दोनदा लावलंय म्हणून,
आणि मला अकरावा रकाना समजावत बसावं लागेल.

माझ्या दुसऱ्या ओळीपुढे असेल
साठसत्तर पेन्सचा आकडा.
तो मी भरणार आहे.