बुडाची खूण

सांगलीत हळदीच्या पेढीवर
चाळीस वर्षं पावत्या दाबून बसलेला काचगोळा.
आत पाच बुडबुडे, निळा पीळ.
पुण्याचा व्यापारी म्हणाला, बेल्जियम.

ओगलेवाडीला नबीलालचाचांनी
तो उजेडात धरलाच नाही.
उलटा केला, बुडाच्या खरबरीत खळीवर
अंगठा फिरवला, परत फिरवला.
"सळई डावीकडनं तोडलीया.
डावखुरा भट्टीवर एकच, शिदू.
पाळी सुटताना उरल्या काचेचं
असलं कायबाय वळायचा,
भाकरीच्या फडक्यात बांधून न्यायचा."

मी विचारलं, नाव का नाही घातलं?
"नाव कंदिलावर असतंय. कारखान्याचं."

अंगठ्याच्या रेषांत हळद उतरली होती.
चाचांनी गोळा ठेवला लाइटबिलावर,
खिडकी बंद, वारा नाही,
आणि म्हणाले, "चहा घेऊन मग जावा."