हात कच्चा

रेणूनं नेलं म्हणून गेलो. नाहीतर समुद्र
चोर्ल्याचा घाट उतरून दोनदा बघितलेला,
तेवढा पुरे होता मला.

कोर्सिका. नावात एक रफार,
म्हणजे वर बोटभर जागा सोडायला हवी.
कन्नडात तोच र मागं जाऊन बसतो.
चाळीस वर्षं बोर्ड रंगवले,
बेटावर जाऊनही मोजणी सुटत नाही.

किनाऱ्यावर माणसं उन्हात पालथी,
गच्चीवर घातलेल्या पापडांसारखी.
मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
पाण्याचा रंग फोडत बसलो :
अल्ट्रामरीन, चिमूटभर हिरवा,
कडेला झिंकचा पांढरा,
आणि चौथं काहीतरी,
जे आमच्या खडे बाजारात मिळत नाही.

डोंगरातल्या गावाकडं निघालो तर वळणावर पाटी.
'थांबव गं,' म्हटलो.
'काय बघूलालासा बाबा?'
वर सरकारच्या भाषेतलं नाव, खाली त्यांच्या घरातलं.
वरच्यावर काळं.
जवळ गेलो, बोट फिरवलं.
डब्यानं फवारलेलं, घाईत,
ओघळ खाली उतरून
स्वतःच्याच नावाच्या पहिल्या अक्षरात शिरलेला.
'हात कच्चा,' म्हटलो.
रेणू हसली नाही.

माझे किती बोर्ड असे गेले, दोन्हीकडून.
रात्री फासायचे, सकाळी मलाच हाक.
एकदा तर फासणाऱ्यानं डबा
माझ्याच दुकानातनं उधारीवर नेलेला.
पैसे अजून यायचेत.

गावात चौकातल्या म्हाताऱ्यानं
चेस्टनटच्या पिठाचा केक पुढं केला,
कुठले म्हणून विचारलं असावं.
रेणू म्हणाली, गोव्याच्या शेजारचे.
मी म्हटलो, बेळगाव.
त्यानं मान हलवली, दोन्हीला सारखीच.

आता वडगावात परत.
परवा यल्लाप्पा हलगेकर आला,
गादी कारखान्याचा बोर्ड हवाय :
नियमाप्रमाणं कन्नड वर, मोठं, मराठी खाली.
'ग्राउंड कसला देतासा?'
निळा, म्हटलो.
तीनदा कालवला. तीनदा
शाळेच्या कंपासपेटीचा निळा झाला.
चौथ्यांदा जरा जवळ आला, मग वाळला आणि गेला.

यल्लाप्पा म्हणाला, झकास आहे की बे.
दोन नावांच्या मध्ये एवढी जागा कशाला मोकळी?
मी ब्रश रॉकेलात बुडवला.
असू दे, म्हटलो.
ओघळाला लागते.